बांधावरचा पळस दप्तरात कधी येणार?

होळी तोंडावर आली आहे. ज्वारीची काढणी चालू आहे, हरभरा खळ्यावर आला आहे, राहिलेल्या उसाला तोड कधी मिळते याची काळजी आहे आणि विहिरीत रोज एक एक पायरी उघडी पडू लागली आहे. अशा दिवसांत कोणी येऊन तुम्हाला म्हणाले, "दादा, मोबाईल घ्या आणि बांधावरच्या पळसाचा फोटो काढा," तर तुम्ही काय म्हणाल? "अहो, इथं बोलायला सवड नाही आणि तुम्ही फुलांचे फोटो काय सांगता?" असेच म्हणाल. त्यात तुमची चूकही नाही. फुलांचे फोटो हा आजवर शहरातल्या हौशी मंडळींचा खेळ होता.

तरीही आज हेच सांगण्यासाठी लिहितो आहे. शेतकरी बंधू-भगिनींनो, आणि विशेषतः सरपंच, सदस्य व ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांनो, या फाल्गुन-चैत्रात आपापल्या गावच्या फुलांचे फोटो काढा आणि ते पंचायतीच्या दप्तरात लावा. हे काम हौसेचे नाही, गावाच्या हक्काचे आहे. कसे ते सांगतो.

कासचे कौतुक, फाल्गुनाचे काय?

आपल्या सातारा जिल्ह्यात फुले म्हटली की कास. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला आणि त्यात कासचे पठार आले. श्रावण-भाद्रपदात पुण्या-मुंबईहून गाड्यांच्या रांगा लागतात. इतकी गर्दी झाली, की रोजच्या माणसांची संख्या ठरवावी लागली आणि आगाऊ नोंदणी सुरू करावी लागली. चांगले आहे, कासच्या गावांना चार पैसे मिळाले.

पण कासची फुले पावसाळ्यातली. वसंतात आपल्या डोंगरावर काय फुलते, हे विचारायला कोणी येत नाही आणि आपणही बघत नाही. गवत वाळून गेलेले असते, डोंगर बोडका दिसतो. त्यात एखादा पळस नुसता शेंदरी होऊन उभा असतो. पांगारा लाल, काटेसावर लाल, आणि खडकाळ उतारावर गणेराची मोठी पिवळी फुले. पान एक नाही, सगळे झाड फुलांचे. ओढ्याच्या कडेला धायटीची झुडपे तांबूस झालेली, करवंदीच्या जाळीत पांढरी फुले, घाटाकडे गेलात तर जांभूळ, कुंभा आणि अंजनी. घराच्या परसात शेवगा, मोगरा, कढीलिंब, आणि पाडव्याच्या गुडीला ज्याची डहाळी लागते तो कडुनिंबही याच दिवसांत फुलावर येतो. आंब्याचा मोहर तर सांगायलाच नको.

सावरीच्या एका झाडाखाली सकाळी अर्धा तास बसून पाहा. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, खारी आणि मधमाश्या यांची जत्रा भरलेली असते. रानात दुसरे काही हिरवे नसताना या जीवांना जगवणारी ही झाडे आहेत. आपण मात्र त्यांना सरपण म्हणतो. काही भागांत तर होळीला उभी करायला ऐन फुलावर आलेली सावरच तोडतात.

नोंदवही कोणी लिहिली?

आता दप्तराचे बोलू. २००२ साली देशात जैवविविधता कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि त्या समितीने गावच्या लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. गावात कोणती झाडे, वेली, औषधी, पिकांचे जुने वाण, जनावरांच्या जाती, पक्षी, मासे आहेत आणि त्यांचा उपयोग लोक कसा करतात, हे सगळे त्यात यायचे. बरीच वर्षे हे काम रेंगाळले. शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर काम अपुरे राहिल्यास राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असे सांगितले. मग जी धावपळ झाली ती आपण पाहिली आहे. वर्षानुवर्षे न झालेले काम थोड्या महिन्यांत कागदावर पूर्ण झाले.

एका गावची अशी नोंदवही मी हातात घेऊन पाहिली. गावाचे नाव घेत नाही, कारण दोष एका गावाचा नाही. मुखपृष्ठ छान होते. आत झाडांची यादी होती. त्यात त्या कोरड्या गावात कधी कोणी पाहिले नसेल असे कोकणातले झाड होते, आणि गावच्या शिवेवर पाच-पंचवीस पळस उभे असताना पळसाचे नाव नव्हते. फोटो रंगीत होते, पण कुठून तरी उतरवून घेतलेले. एका फोटोत मागे बर्फाचा डोंगर दिसत होता! समितीच्या एका सदस्य बाईंना विचारले, "ताई, ही यादी कोणी सांगितली?" त्या म्हणाल्या, "आम्हाला काय माहीत? सही घ्यायला आले होते."

वाचकहो, हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. गावच्या हद्दीतली वनस्पती कोणी व्यापारासाठी नेली, तर त्याच्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार कायद्याने या समितीला दिला आहे. औषधी कंपन्यांना साल लागते, फळ लागते, मूळ लागते. हिरडा, धायटीची फुले, अशोकाची साल यांचा बाजार मोठा आहे. उद्या कोणी सीतेच्या अशोकाची साल काढून नेली आणि तुम्ही तक्रार केलीत, तर पहिला प्रश्न येईल, "झाड तुमच्याच हद्दीत होते याला पुरावा काय?" नोंदवहीत दुसऱ्याच मुलखाची यादी असेल, तर काय दाखवणार? रस्ता रुंद होताना, ओढा सरळ करताना किंवा खाणीला परवानगी मागितली जाताना गावाने "आमच्याकडे अमुक आहे" असे म्हटले, तर त्याला आधार हवा. तारखेचा, ठिकाणाचा आणि गावच्या माणसाने काढलेला फोटो हा त्यातला सोपा आणि स्वस्त आधार आहे.

कॅमेरा तर खिशातच आहे

पूर्वी फोटो म्हणजे तालुक्याच्या स्टुडिओतून माणूस आणायचा, रोळ धुवायला टाकायचा, आठ दिवस वाट पाहायची. आता ते राहिले नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी स्वतःच गटात उभा राहून पिकाचा फोटो काढायला शिकला. घरकुलाच्या पायाचा फोटो, शोषखड्ड्याचा फोटो, झाडे लावल्याचा फोटो, सगळे ठिकाणासह पाठवावे लागते. म्हणजे कला अवगत आहे, साधनही आहे. ते फक्त बांधाकडे वळवायचे आहे.

पण फोटो कामाचा व्हायचा तर काही पथ्ये पाळावी लागतात. ती अनुभवाने सांगतो.

पहिले, वेळ सकाळची ठेवा. ऊन वर चढले की पळसाचा शेंदरी रंग मोबाईलमध्ये नुसता लाल डाग होऊन येतो, पाकळी दिसत नाही. सकाळी वाराही पडलेला असतो, त्यामुळे फूल हलत नाही. सूर्य आपल्या पाठीशी असू द्या. आभाळाकडे मोबाईल धरून वरच्या फांदीचा फोटो काढला, तर फूल काळे येते. त्यापेक्षा खाली वाकलेली फांदी शोधा. पडद्यावर फुलावर बोट ठेवले, की मोबाईल त्या फुलाकडे बघतो. तिथेच उजेड कमी करायची खूण येते. ती थोडी खाली ओढा, रंग खरा येतो.

दुसरे, एका झाडाचा एकच फोटो काढून थांबू नका. पूर्ण झाड, खोडाची साल, पानाच्या दोन्ही बाजू, फूल समोरून आणि फूल बाजूने, एवढे तरी घ्या. पळसासारख्या झाडाला फुलाच्या वेळी पान नसते. मग पुन्हा जेठात किंवा आषाढात जाऊन पानाचा फोटो घ्या. नुसत्या फुलावरून ओळखायला गेलात तर फसगत होते. फुलाशेजारी एखादे नाणे किंवा मुलांची पट्टी धरा, म्हणजे आकार कळतो.

तिसरे, वही ठेवा. तारीख, गट नंबर किंवा जागेचे नाव, झाडाचे गावातले नाव आणि ते नाव सांगणारा माणूस. हे लिहिल्याशिवाय फोटो म्हणजे नुसते चित्र. शाळेची पाटी घेऊन त्यावर हे लिहावे आणि पहिल्या फोटोत झाडाबरोबर पाटी यावी, ही युक्ती सगळ्यांत सोपी. पुढे घोळ होत नाही.

चौथे, मोबाईलवर विसंबू नका. मोबाईल विहिरीत पडतो, चोरीला जातो, भरला की मुलगा निम्मे फोटो पुसून टाकतो. महिन्याला एकदा फोटो शाळेच्या आणि पंचायतीच्या संगणकात उतरवा. निवडक फोटोंच्या प्रती काढून नोंदवहीत चिकटवा.

आणि पाहुणी झाडे कोणती हेही लिहा. माघ-फाल्गुनात बांधावर गुलाबी फुलांनी भरलेले गिरीपुष्प दिसते. परगावचे लोक गाड्या थांबवून त्याच्याजवळ फोटो काढतात, कोणी त्याला चेरी म्हणतात. आपण त्याला उंदीरमारी म्हणतो. हिरवळीच्या खताला ते चांगले, पण मूळचे मध्य अमेरिकेतले. गुलमोहर मादागास्करचा, घाणेरीही बाहेरूनच आलेली. त्यांचे फोटो जरूर घ्या, पण आपली कोणती आणि बाहेरची कोणती हे नोंदवहीत स्पष्ट असावे.

शेतीला काय उपयोग?

आता तुमचा रोकडा प्रश्न. यातून पदरात काय पडणार?

एक साधी गोष्ट पाहा. तुमच्या आंब्याला मोहर कधी आला, ते गेल्या वर्षीचे आठवते का? त्याच्या आदल्या वर्षीचे? नाही आठवत. एकाच झाडाचा, एकाच जागी उभे राहून, दर आठ दिवसांनी फोटो काढला, तर मोहर कधी फुटला, भुरी कधी पडली, तुडतुडे कधी दिसले, ढगाळ हवा कधी होती आणि गळ किती झाली, हे सगळे तारखेसह राहते. पाच वर्षांची अशी नोंद तुमच्याकडे असली, तर कृषी खात्याच्या माणसाशी तुम्ही अंदाजाने बोलणार नाही. जपानमध्ये क्योटो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी इसवी सन ८१२ पासूनच्या सापडतात. त्यावरून तिथले शास्त्रज्ञ बाराशे वर्षांत हवामान कसे बदलले ते सांगू शकतात. ते दरबारातल्या आणि मठातल्या माणसांच्या रोजनिशीवरून निघाले. आपल्याकडे पळस कधी फुलला हे आजोबांना ठाऊक होते, पण लिहून कोणी ठेवले नाही. आजोबांबरोबर तेही गेले.

दुसरे कांद्याच्या बियाण्याचे. याच दिवसांत कांद्याचे गोंडे फुलतात. त्यात बी भरायला मधमाशी लागते. माशी नसेल तर गोंडा दिसायला मोठा आणि आत बी थोडे. सकाळी गोंड्यांचे फोटो घ्या आणि किती गोंड्यांवर माशी दिसते ते मोजा. आग्या, सातेरी की फुलोरी, तेही फोटोत कळते. आसपास पळस, सावर, जांभूळ, करवंद असलेल्या शेतात आणि उघड्या माळावरच्या शेतात काय फरक पडतो, ते तुमच्याच फोटोंतून तुम्हाला दिसेल. मग फुलावर आलेल्या पिकात भर सकाळी फवारणी करताना हात थोडा थांबेल. फवारणी टाळता येत नसेल तर निदान माश्या परतल्यावर, सायंकाळी करावी.

मधाचेही तसेच. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. त्या डोंगरात जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी फुलते म्हणून तिथे मध आहे. पेट्या कोणीही आणू शकतो, फुले आणता येत नाहीत. आपल्या गावात कोणत्या महिन्यात कोणती फुले असतात याचा फोटोसह तक्ता असेल, तर मधपाळाला पेट्या कधी आणि कुठे ठेवायच्या ते कळेल. ज्या महिन्यात काहीच फुलत नाही तो महिनाही कळेल, आणि त्यासाठी कोणती झाडे लावायची तेही ठरवता येईल.

फोटोपायी झाड जाऊ नये

आता दुसरी बाजू. फोटोने झाड वाचते तसे मरतेही. काही वर्षांपूर्वी घाटाकडच्या एका गावातल्या मुलाने जुन्या आंब्यावर फुललेल्या आमरीचा सुंदर फोटो काढला आणि ठिकाणासह मोबाईलच्या ग्रुपवर टाकला. कौतुकाचा पाऊस पडला. दोन आठवड्यांनी तो पुन्हा गेला, तर फांदी खरवडलेली, आमरी गायब. पोरगा हळहळला. म्हणाला, "काका, मीच वाट दाखवली."

पिवळ्या फुलाच्या पळसाचेही तेच. हे झाड दुर्मिळ. त्याच्याविषयी धनाच्या आणि मंत्राच्या नाही नाही त्या समजुती आहेत. एकदा बातमी फुटली की फुले, साल, मुळ्या काही शिल्लक राहत नाही. तेव्हा नियम ठेवा. पळस-सावरीचा फोटो जगाला दाखवा. आमरी, सीतेचा अशोक, पिवळा पळस यांचा फोटो नोंदवहीत ठेवा, ठिकाण समितीपुरते ठेवा. मोबाईल आपोआप फोटोत जागा नोंदवतो. ग्रुपवर टाकताना ती नोंद बंद करा. औषधी उपयोगाची जाणकारांची माहितीही ग्रुपवर वाटत सुटू नका.

फोटोसाठी फांदी मोडायची नाही, फूल तोडून हातात धरायचे नाही, दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरायचे नाही. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय जायचे नाही. आणि झाडावर आग्या मोहोळ असेल, तर लांबूनच नमस्कार. तिथे फोटोचा मोह जिवावर बेतेल.

फोटोचा एक कठीण उपयोगही सांगतो. डोंगराला वणवा लागायच्या आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून काढा आणि दोन्ही ग्रामसभेत शेजारी शेजारी लावा. "गवत जाळले की पावसात जोमाने येते" म्हणणारे अजून आपल्यात आहेत. गवत येतेही. पण त्या आगीत करवंदीची फुले, धायटी, जांभळाची रोपे, पक्ष्यांची अंडी आणि पडलेले बी किती गेले, हे शब्दांनी पटत नाही. डोळ्यांनी पटेल.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत

"जाणकार कुठून आणायचे?" असे भाऊसाहेब विचारतील. जाणकार गावातच आहेत. गुरे राखणारा म्हातारा, सुईणीचे काम केलेली आजी, पत्रावळी लावणाऱ्या बाया, धनगरवाड्यावरची माणसे. त्यांना फोटो दाखवा, ते नाव सांगतील. शास्त्रीय नाव हवे असेल तर तालुक्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असतात. गावच्या माणसांनी नीट काढलेले फोटो घेऊन गेलात तर ते नाही म्हणणार नाहीत.

"खर्च कोणी करायचा?" खर्च प्रतींचा आणि एका वहीचा. यात्रेच्या फलकावर आपण याहून जास्त घालवतो.

मला एवढेच मागायचे आहे. होळीपासून कामाला लागा. समितीच्या सदस्यांनी, विशेषतः महिला सदस्यांनी, दोन-दोन वाड्या वाटून घ्याव्यात. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना बरोबर घ्यावे. एप्रिलअखेर जेवढे जमेल तेवढे जमवावे आणि १ मेच्या ग्रामसभेत नोंदवही सगळ्यांसमोर उघडून वाचावी. जे चुकीचे छापले आहे ते तिथेच खोडावे, जे आपले आहे ते लिहावे आणि ठराव करावा. मग बहावा आणि ताम्हण फुलतील, त्यांचे फोटो मेमध्ये. ताम्हण आपले राज्यपुष्प आहे, पण किती जणांनी ते झाडावर पाहिले आहे?

पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. पण तो पळस आपल्या गावात आहे की नाही, हे तरी आपल्या दप्तराला कळू द्या. उद्या सकाळी गोठ्यातले काम उरकले की बांधावर एक चक्कर टाका. मोबाईल बरोबर असतोच.